कौलावरचा हात

तिजानीच्या अंगणात दर शुक्रवारी दुपारी खजूर भरलेल्या, तळलेल्या रव्याच्या वड्या, म्हणजे मक्रूद, आणि बदामाचं सरबत मांडलेलं असे. ते माझ्यासाठी नसे. पोरांसाठी असे. पोरं येत नसत, म्हणून मी खाई. माझं पोट सुटलं ते तिजानीच्या पुस्तकांमुळे, असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. पण ते अगदी खरं आहे.

तिजानी आमच्या तस्तूर गावच्या शाळेत मुख्याध्यापक आणि मी चित्रकलेचा मास्तर. तो मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं लिहायचा, मी त्यांत चित्रं काढायचो. पहिलं पुस्तक त्याने निव्वळ वैतागून लिहिलं. शाळेच्या पुस्तकातले राजे गादीवर बसायचे, लढायचे आणि मरायचे. मधल्या काळात त्यांना ना भूक लागायची, ना सर्दी व्हायची. "ख्मायस, हा इतिहास आहे की कबरस्तानाची वही?" असं म्हणून तो लिहायला बसला, आणि पहिल्या पुस्तकात त्याने राजाच आणला नाही. तेलाच्या घाण्यावर गाढव हाकणारी एक मुलगी आणली. गाढव कसं काढायचं यावरून आम्ही दोघं आठवडाभर बोलत नव्हतो.

आमची कामाची पद्धत ठरलेली. तो धडा मोठ्याने वाचायचा आणि मी समोर बसून काहीबाही रेखाटत राहायचो. ऐकता ऐकता माझी पेन्सिल थांबली, की तो धडा राहायचा. मी सुलतानाला गाढवाचे कान काढायला लागलो, की तिजानी मुकाट्याने तेवढी पानं फाडायचा. भांडण नाही, खुलासा नाही. मात्र पानं फाडल्यावर तो मला चहा विचारायचा नाही.

आता त्या कौलाचं सांगतो. तिजानीच्या घराचं छप्पर एकदा उतरवलं, तेव्हा एका जुन्या कौलाच्या पोटाशी लहान मुलाच्या हाताचा ठसा निघाला. पाची बोटं स्वच्छ. आमचे पूर्वज अंदलूसमधून हाकलले गेले, समुद्र ओलांडून या मजर्दा नदीकाठी आले आणि इथल्या मातीची कौलं भाजून त्यांनी घरं शाकारली, त्या वेळचं ते कौल. कुणीतरी वाळत घातलेलं, आणि कुणा कार्ट्याने ओल्या मातीवर हात दाबलेला. बापाने नंतर पाठीत धपाटा घातला असणारच. तिजानी ते कौल मांडीवर घेऊन दुपारभर बसला. त्याची बायको ज़कीया मला म्हणाली, "ख्मायस भाऊ, लग्नात माझा हातसुद्धा याने इतका वेळ धरला नव्हता."

त्यानंतर त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी तो हात काढू लागलो आणि खाली तिजानीचं आमंत्रण छापलं जाऊ लागलं: "तू इथपर्यंत आलास किंवा आलीस ना? मग शुक्रवारी दुपारी माझ्या घरी ये. या हातात तुझा हात बसतो का ते बघू. येताना एक प्रश्न घेऊन ये." पुढे घराचा पत्ता.

प्रश्न कोणता, ते त्याने मला पहिल्याच शुक्रवारी सांगून ठेवलं होतं. "कुणीतरी मला विचारायला हवं, की या मुलाचं पुढे काय झालं? ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी मी त्याची गोष्ट लिहायला घेईन. ते माझं सगळ्यात चांगलं पुस्तक असेल."

"मीच विचारतो," मी म्हणालो. "काय झालं?"

"तू नको. तुला मक्रूद हवेत."

"अरे पण आताच लिही ना. नंतर विचारतील."

"कुणी न विचारता सांगितला, तर तो इतिहास नव्हे, उपदेश झाला. तो मी शाळेत देतोच."

पुस्तकं मात्र निघत राहिली. ट्युनिसमधला आमचा प्रकाशक सी नूरी, म्हणजे नूरीसाहेब, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडी भरून गठ्ठे धाडायचा. कैरवानच्या रंगाऱ्याचा पोरगा झाला, बंदरावर दोर वळणारे भाऊ झाले, हमामचं, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराचं पाणी तापवणारी आजी झाली. दूरदूरच्या शाळा त्याची पुस्तकं मागवत. तिजानी निवृत्त झाला, त्याचे केस गेले, माझे दात गेले, आणि शुक्रवार मोकळेच जात राहिले. माझ्या मुलींनी त्या कौलात केव्हाच हात घालून पाहिला होता, पण घरच्या म्हणून त्याने त्या धरल्या नाहीत. "पोरं लाजतात," तो म्हणायचा. "मुख्याध्यापकाच्या दारात कोण येणार?" मलाही ते पटायचं. मी तिसरा मक्रूद उचलायचो.

मग गावातल्या वसीलाबाईंचा नवरा हज करून आला. भेटायला जाणं भाग होतं. मी, तिजानी आणि ज़कीया, तिघं गेलो. बैठकीत आम्हाला खजूर दिला, इवल्याशा पेल्यांतून मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी दिलं. हाजी मक्केतल्या गर्दीचं वर्णन करत होते आणि माझं लक्ष समोरच्या काचेच्या कपाटाकडे गेलं. त्यात सोनेरी काठाचे कप, बाहुली, वसीलाबाईंच्या लग्नातलं अत्तरदान, आणि मधल्या फळीवर ओळीने आमची पुस्तकं. वसीलाबाईंची चारही पोरं वर्गात पहिली येणारी. दर वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना आमचंच पुस्तक मिळायचं. सगळी फळी आमची होती. मी तिजानीला कोपराने ढोसलं.

तिजानीचा चेहरा असा खुलला की मलाच लाज वाटली. तो हाजींना मक्केतच सोडून उठला आणि कपाटाचं दार उघडून त्याने एका पुस्तकाला हात घातला.

"अहो नको, नको! सी तिजानी!" वसीलाबाई तबक हातात घेऊन धावल्या. "हात नका लावू त्याला. बक्षिसाचं आहे ते!"

"अहो, मी लिहिलंय ते."

"म्हणून तर! आमच्या हाजरला पाचवीत मिळालेलं. बघा, अजून कसं आहे. गाठसुद्धा सुटलेली नाही."

खरोखरच सुटलेली नव्हती. लाल जिलेटीन कागद, वर सोनेरी फीत, आणि कागदाच्या वरूनच चिकटवलेली पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात मुलीचं नाव, अभिनंदन आणि खाली मुख्याध्यापकांची सही. म्हणजे तिजानीची. अख्ख्या जिल्ह्यात असं अक्षर कुणाचं नाही. बोरूने लिहायचा, दर जूनमध्ये रात्री जागून लिहायचा, आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने जिलेटीनवर अशी बसवायचा की कागद फाडल्याशिवाय ती निघणं शक्य नव्हतं.

"उघडलं नाहीत कधी?" तिजानीने विचारलं.

"उघडलं तर तुमची सही नाही का फाटणार?" वसीलाबाई म्हणाल्या. "मोठी पोरगी रडायची हो. एकदा नखाने कोपरा काढायला लागली होती. मी दिली एक ठेवून. म्हटलं, वाचायला शाळेची पुस्तकं कमी आहेत का?"

त्या हे सगळं कौतुकाने सांगत होत्या, हे लक्षात घ्या. त्या घरात त्या कपाटाइतकी जपलेली दुसरी वस्तू नव्हती. हाजींनी मान डोलावली. ज़कीयाने खाली पाहिलं. तिजानीने पुस्तक होतं तसं जागेवर ठेवलं, वरची धूळ बाहीने पुसली आणि बसून झमझमचं पाणी प्यायला. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "एक घर आहे रे. सगळीच घरं काही अशी नसतील."

पण मी मनात हिशेब मांडत चाललो. ती सगळी गाढवं, त्या दोरांचे पीळ, हमामची वाफ काढताना मी वाया घालवलेला कागद. कुणी पाहिलंच नव्हतं ते. माझा रागही नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

पुढचे काही आठवडे तिजानी गावभर लोकांना भेटत सुटला. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं त्याच्याकडे बारशाला, सुतकाला, नुसतं "कसे आहात" म्हणायला. लोकांना वाटलं, म्हातारा निवडणुकीला उभा राहतोय. तो बैठकीत बसायचा आणि काचेच्या कपाटाकडे बघायचा. लाल जिलेटीन, हिरवं जिलेटीन, पिवळं जिलेटीन. एका घरात तर पुस्तक भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं, कुराणातल्या सुरेच्या तसबिरीशेजारी. शाळेच्या वाचनालयात तरी प्रती होत्या, म्हणून आम्ही तिथे गेलो. तिथला शिपाई म्हणाला, "कपाटाला कुलूप असतं, सीदी. पोरांनी पुस्तक हरवलं तर माझ्या नावावर लागतं." सीदी म्हणजे गुरुजी. त्याच्या हाताखाली शिकलेले सगळे त्याला तेच म्हणतात.

त्या शुक्रवारी तिजानीने ज़कीयाला मक्रूद तळू दिले नाहीत.

"इतकी वर्षं मी घरोघरी आहे," तो म्हणाला. "आणि एकाही पोराने मला वाचलेलं नाही. आणि दाराला कुलूप कुणी घातलं? मीच! माझ्या सुंदर अक्षराने!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ज़कीया म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, चिठ्ठी आत चिकटव. तर म्हणे, आत दिसणार कशी?"

"ते मुलाचं पुस्तक?" मी विचारलं. "कौलावरच्या?"

"कोणतं पुस्तक? कुणी विचारलंय मला?" त्याने कौल कापडात गुंडाळलं आणि माळ्यावर नेऊन ठेवलं. शिडीवरून उतरून त्याने हात झटकले. मला इतकं वाईट फार दिवसांत वाटलं नव्हतं. त्याला काही बोललो असतो तर मीच रडलो असतो, म्हणून मी घरी गेलो.

जून आला. शाळेने नेहमीप्रमाणे तिजानीला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. तो जाणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण तो गेला, पांढरा जुब्बा घालून, कानावर चमेलीच्या कळ्यांची जुडी खोचून, अगदी नवरदेवासारखा. अंगणात मंडप, खुर्च्यांवर आया, पहिल्या रांगेत वसीलाबाई, कारण त्यांची नात पहिली आली होती. नाव पुकारलं, बायकांच्या ललकाऱ्या उठल्या, पोरगी स्टेजवर आली. तिजानीने ते जिलेटीनमधलं पुस्तक हातात घेतलं. मग त्याने जुब्ब्याच्या खिशातून डाळिंब सोलायचा छोटा चाकू काढला आणि सगळ्यांसमोर फीत कापली.

ललकाऱ्या मधेच थांबल्या. त्याने जिलेटीन टरकावलं, चिठ्ठीसकट चुरगळून खिशात कोंबलं आणि उघडं पुस्तक पोरीच्या हातात दिलं. "वाच," तो म्हणाला. "डाग पाड. कोपरे दुमड. शेवटपर्यंत जा."

पोरीने आजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिला वाटलं, आपलं बक्षीस काढून घेतलं.

मग जे झालं ते विचारू नका. त्याने पुढची सगळी बक्षिसं तशीच कापली. आया उठून उभ्या राहिल्या. उघडं पुस्तक देणं म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट ठेवणं, असं एकजण म्हणाली. मुख्याध्यापक घाम पुसत होते. वसीलाबाई स्टेजच्या पायरीशी येऊन म्हणाल्या, "सी तिजानी, माझ्या नातीनं असं काय केलं हो, की तिला फाटकं बक्षीस?"

"वसीलाबाई, ती खायची वस्तू आहे. झाकून ठेवायची नाही."

"तुम्हाला ऊन लागलंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. त्याने तर तिजानी जास्तच खचला.

संध्याकाळी गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जिलेटीन कागद संपला. आयांनी पुस्तकं पुन्हा बांधून घेतली. दुकानदाराने स्वतः मला हसत हसत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. "तिजानी मास्तरांना वेड लागलं" ही बातमी मजर्देच्या दोन्ही काठांना पसरली, पार बाजा शहरापर्यंत गेली.

तिजानी ओट्यावर बसून राहू लागला. लिहिणं बंद. मी पेन्सिल घेऊन समोर बसायचो, तो काही वाचायचा नाही. मी मग त्यालाच गाढवाचे कान काढले आणि कागद पुढे सरकवला. त्याने पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "छान आहेत," म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तो शुक्रवार मी विसरणार नाही. उन्हाने गल्ली ओस पडली होती. ज़कीयाने नवऱ्याचा हुकूम झुगारून मक्रूद तळले होते. "माझ्या हाताला सवय आहे, तुमच्या इतिहासाशी माझं काही देणंघेणं नाही," असं तिचं म्हणणं. मी बशी पुढे ओढणार, इतक्यात दार वाजलं.

दारात चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. खांद्याला मोठी पिशवी, चेहरा उन्हाने लालबुंद. "ओळखलंत का, सीदी? मी हाजर. वसीलाबाईंची थोरली. बाजाला असते, तिथे औषधाचं दुकान आहे माझं."

"ये ना," तिजानी उठला. "आई बरी आहे ना? माझ्यावर रागावली असेल."

"खूप," हाजर म्हणाली. "मला फोनवर सगळं सांगितलं तिनं. रात्रभर झोप लागली नाही मला. आज सकाळची बस धरून आले. आई हमामला गेली, मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली." तिने पिशवीतून पुस्तक काढलं. घाण्यावर गाढव हाकणाऱ्या मुलीचं. आमचं पहिलंवहिलं, पण पुन्हा छापलेलं, शेवटच्या पानासकट. "आईला सांगू नका. परत बांधून ठेवलंय मी. जिलेटीनमध्ये तिचं पाककृतीचं पुस्तक घातलंय. चिठ्ठी शाबूत आहे, तुमची सही पण."

ज़कीयाला हसू आवरेना. हाजरने पुस्तक उघडलं. माझं गाढव दिसलं आणि मी मान वळवली, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

"बैठकीतच बसून वाचलं," ती म्हणाली. "जमिनीवर. उठलेच नाही. आणि मग शेवटचं पान आलं." ती थांबली. "सीदी, मला पाचवीत मिळालं होतं हे. तुम्ही बोलावलं होतंत. मला माहीतच नव्हतं हो. मला यायला फार उशीर झाला."

तिजानीने मशिदीच्या मिनाराकडे हात केला. "तस्तूरमध्ये राहून असं म्हणतेस? आपल्या मिनारावरचं घड्याळ उलटं चालतं. इथे कुणाला उशीर होत नाही." आणि माझ्याकडे वळून ओरडला, "बघतोस काय, ख्मायस? माळ्यावर चढ!"

माझ्या गुडघ्यांसकट मी चढलो. कौल खाली आणलं, कापड सोडलं. हाजरने पदराला हात पुसावा तसा आपल्या ओढणीला पुसला आणि हळूच त्या ठशावर ठेवला. तिची बोटं पार बाहेर गेली. तळव्याखाली तो इवलासा हात दिसेनासा झाला.

"मावत नाही," ती म्हणाली आणि हसता हसता तिचा चेहराच बदलला. ती रडत होती, तरी हात काढत नव्हती. ज़कीया तिच्याजवळ जाऊन बसली. तिजानी समोर ताठ बसून होता. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं तिला. मी तोंड दाबून बसलो.

हाजरने हात उचलला. ठसा परत दिसला. तिने बोटाने त्याची कड गिरवली. मग सर्दी झालेल्या पोरीसारखं नाक ओढून तिने विचारलं, "सीदी, याचं पुढे काय झालं?"

तिजानीने डोळे मिटले आणि उघडले. "मार खाल्ला," तो म्हणाला. "आधी मार खाल्ला. बापाने पाठीत असा धपाटा घातला, की कौलं वाळत घालणाऱ्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. त्याचं नाव होतं... थांब, नाव मी ठरवून ठेवलंय. ख्मायस, पेन्सिल कुठाय?"

पेन्सिल माझ्या हातातच होती. मी कागद पुढ्यात घेतला. तो सांगत गेला, मागे जाऊन पुढे येत: मुलगा इकडे येताना होडीत ओकला होता, मुलाची मांजर मागेच राहिली होती, मुलाला नव्या गावातली माती जुन्या गावातल्या मातीहून लाल का, याचा राग आला. हाजर गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती, तोंड अर्धवट उघडं. मी एक रेघही ओढली नाही.

मांजर मागे राहिली तिथे मला काहीतरी गोड खावंसं वाटलं. मी गुपचूप बशीकडे हात नेला. तिजानीने बोलणं न थांबवता माझ्या हातावर चापट मारली आणि बशी हाजरपुढे सरकवली.

"ते पोरांसाठी आहेत," तो म्हणाला.